शेऱ्याचा रकाना

३ एप्रिल

खडू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. खऱ्या नावाने सुरुवात केली तर पत्र न वाचता फाडशील, खडू म्हटलं तर निदान दोन ओळी वाचशील, असा माझा अंदाज. लहानपणी तू इतका पांढरा आणि काटकुळा होतास की कापडावर खुणा करायच्या खडूसारखा दिसायचास. नाव मीच ठेवलं होतं. सात वर्षांत ते माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. असो. हे प्रेमाचं पत्र नाही, कामाचं आहे.

नदीतल्या वाळूच्या बेटाचा उपसा करायला तुझ्या कंपनीने अर्ज केलाय. त्याची नोटीस वाचनालयाच्या दारावर लागली आहे आणि नोटिशीला एक अहवाल जोडलाय. ‘बेटाची समक्ष पाहणी केली. पक्ष्यांची घरटी आढळली नाहीत.’ खाली सही तुझी. शेवटी ओढलेली ती लांब रेघ मी कुठेही ओळखेन. प्रगतिपुस्तकावर बाबांची खोटी सही करतानासुद्धा तू तीच रेघ ओढायचास आणि दर वेळी पकडला जायचास.

आज सकाळी नावाड्याने होडी लांब उभी करून दुर्बिणीतून मोजलं. सुरय पक्ष्यांची एक्केचाळीस घरटी आहेत. ज्याला घरटं म्हणजे झाडावरच्या काड्या वाटतात त्याला तिथे काही दिसणार नाही, हे मला कळतं. वाळूत वाटीएवढा खळगा आणि त्यात खड्यांसारखी दोन-तीन अंडी. पायाखाली आली तरी कळायची नाहीत. पण तू त्या लोकांपैकी नाहीस. बाबांच्या पावलात पाऊल ठेवून त्या बेटावर चालताना माझा पाय घसरायचा, तुझा कधी घसरला नाही.

सुनावणी बावीस तारखेला आहे. आमच्या हरकती फेटाळल्या तर पंचविसाला खोदायचं यंत्र बेटावर चढणार. ते आत्ताच काठावर आणून उभं केलंय, दुकानाच्या दारातून दिसतं. पिल्लं उडायला मेअखेर उजाडेल. म्हणजे पंचविसाला यंत्र चढलं की एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चाकाखाली.

मला दोनच गोष्टी हव्यात. एक, तू पाहणी कोणत्या तारखेला केलीस ते. अहवालात लांबी, रुंदी, वाळूची जाडी सगळं आहे, पाहणीची तारीख तेवढी नाही. दुसरी, बाबांची रजिस्टरं. जिथे ठेवली असशील तिथून पाठव. मागचं उगाळायची मला हौस नाही.

ताई


९ एप्रिल

खडू,

तुझं उत्तर मिळालं. कसल्याशा पावतीच्या पाठीवर एक ओळ. ‘रजिस्टरं माझ्याकडे कधीच नव्हती, तेव्हाही सांगितलं होतं.’ तारखेबद्दल अवाक्षर नाही. बरोबर आहे, तारीख लिहिली की सगळंच लिहावं लागेल.

इथे काय चाललंय ते ऐक. ग्रंथपाल बाईंनी वाचनालयात हरकतींची वही ठेवली आहे. वर्तमानपत्र वाचायला येईल त्याच्या हातात त्या पेन देतात, आणि त्यांनी पेन दिलं की नाही म्हणायची कोणाची टाप नाही. कोळणी माशांची आतडी काठावर टाकायच्या, त्यावर कुत्री आणि कावळे जमायचे आणि तिथून बेटावर जायचे. आता त्या खड्डा करून पुरतात. सहलीच्या होड्या बेटाला लागू नयेत म्हणून नावाड्याने पाण्यात काठ्या रोवून दोर बांधलाय. त्या दोराला मी दुकानातल्या चिंध्यांची लाल निशाणं शिवून दिली, मोठ्या हौसेने. वाऱ्यावर ती फडफडायला लागली आणि सगळे सुरय एकदम उठले, अर्धा तास खाली बसेनात. अंडी उन्हात. नावाडी माझ्यावर असा ओरडला की मी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नसेल तेवढं ऐकून घेतलं. रात्रीतून मातकट कापडाची शिवली, वजनाला खाली खडे घालून. ती हलत नाहीत.

एवढं करूनही परवा दोन कुत्री पोहत गेलीच. चार घरटी गेली. सदतीस उरली.

ग्रंथपाल बाई अधिकाऱ्याला भेटून आल्या. माणूस वाईट नाही म्हणतात, पण कागदाशिवाय बोलत नाही. एका वर्षीची घरटी हा योगायोग असू शकतो म्हणाला. दर वर्षी येतात याचा पुरावा दाखवा, वर्षवार, तारखेसकट. मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं. सव्वीस वर्षं पुलाखालच्या खांबावर रोज सकाळी नदीची पातळी वाचणारा माणूस, आणि त्याच्या रजिस्टरातला शेवटचा रकाना शेऱ्याचा. ऑफिसचा हुकूम होता की तो रिकामा ठेवायचा. बाबा त्यात पक्षी लिहायचे. वरून झापलं गेलं तेव्हा ऑफिसच्या रजिस्टरात तो रकाना रिकामा राहायला लागला आणि घरच्या नकलेत भरायला. ग्रंथपाल बाई खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, “अहो, मग ती नक्कल आहे कुठे?”

मी म्हटलं, भावाला विचारते.

तुमचे साहेब काल दुकानात आले होते. शिवायला, उसवायला, आल्टर करायला काहीही न घेता दुकानात आलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. स्टुलावर बसले, पंखा वाढवायला सांगितला. म्हणाले, “बाई, तुमचा भाऊ आमच्याकडे चांगला चाललाय. त्याच्या सहीवर लोकांनी शंका घेतली, तर पहिला त्रास त्यालाच होणार ना?” आवाज अगदी गोड. मी म्हटलं, माझ्या भावाशी माझा सात वर्षं संबंध नाही. ते म्हणाले, “असं? मग आमच्या कामगारांचे गणवेश तुमच्याकडे द्या म्हणून चार वर्षांपूर्वी माझ्या मागे कोण लागलं होतं?”

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. आज सकाळी त्यांची माणसं येऊन गणवेशाचे तागे परत घेऊन गेली.

दुकानात मला एक गोष्ट सापडली आहे. ती आज लिहिता येत नाही.

ताई


१४ एप्रिल

खडू,

आज लिहिते. तीनदा सुरुवात करून फाडलंय, हे चौथं.

गेल्या महिन्याच्या एकतीस तारखेला एका गिऱ्हाइकाची कॉलर बेतत होते. कॉलरचा कागदी फर्मा खिळ्यावरून काढला, कापडावर ठेवला, खडूने रेघ मारली आणि उचलताना तो उलटा झाला. पाठीमागे बाबांचं अक्षर. ‘पातळी १.९०. शेरा: सुरय आले. सात.’

मी तशीच खाली बसले. मग एकेक फर्मा उलटा करून पाहिला.

आता तुला आठवत असेलच, तरी मला लिहू दे, कारण सात वर्षं मी ते आठवू दिलं नाही. बाबा गेल्यावर सरकारी खोली आठवड्यात रिकामी करायची होती. तू पोतं खांद्यावर घेऊन दुकानात आलास, माळ्यावर ठेवलंस आणि म्हणालास, “ताई, बाबांची रजिस्टरं वर ठेवली आहेत.” मी मशीनवर होते. शाळा उघडायला दहा दिवस होते, गणवेशांचा ढीग पडला होता, आणि थांबले असते तर रडू आलं असतं म्हणून मी पाय थांबवत नव्हते. मी ‘हं’ म्हटलं. ते ‘हं’ मला आता ऐकू येतं.

माळ्यावर शेजारीच शाळेच्या जुन्या हजेरीपटांचं पोतं होतं. फर्म्यांसाठी मी नेहमी तेच कागद घ्यायचे, जाड आणि मोठे. बाबांच्या रजिस्टरांनाही तसंच पुठ्ठ्याचं वेष्टण, तसेच रकाने, तसेच आकडे. बाबा शाईच्या पेनाने लिहायचे, शाई उतरायची म्हणून पानाची एकच बाजू वापरायचे. मी कोरी बाजू वर घेतली, खळ लावून पानं जोडली आणि कात्री चालवली. शिंपी कागदाची जाडी बघतो, अक्षर कुठे वाचतो? दोन महिने मी आपल्या बापाचं आयुष्य बाह्या आणि कफांच्या आकारात कापत होते, आणि मला वाटत होतं की मी मोठी कर्तबगार आहे, दुःख गिळून काम करतेय.

मग एक दिवस मला रजिस्टरं हवीशी झाली, नुसतं अक्षर बघायला. पोतं नव्हतं. तू म्हणालास, “तुझ्याकडेच दिली होती.” मी मामा-मामींसमोर, शेजाऱ्यांसमोर, तुझ्या होणाऱ्या बायकोसमोर म्हटलं की तू ती रद्दीत विकलीस आणि वर खोटं बोलतोस. चोर हा शब्द मी वापरला. चप्पल घातलीस आणि गेलास.

आणखी एक आहे आणि ते सगळ्यांत वाईट आहे. तीन तारखेला मी तुला लिहिलं की रजिस्टरं पाठव. तेव्हा मला सगळं कळून तीन दिवस झाले होते. फर्मे समोर खिळ्यांवर लटकत होते आणि मी तुझ्याकडे रजिस्टरं मागत होते. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. आपण चुकलो हे लिहिण्यापेक्षा तुझ्यावर ओरडणं सवयीचं झालंय, एवढंच. तू अहवालात खोटं लिहिलं नाहीस, फक्त तारीख लिहिली नाहीस. मी तर धडधडीत खोटं लिहिलं.

मी चुकले, खडू. तू चोर नव्हतास. चोर मी चार माणसांत म्हटलं होतं, चार माणसांत मागे घेईन. मामा आता नाहीत, पण मामी आहेत. त्यांना काल फोन केला.

ग्रंथपाल बाई आणि नावाडी रोज दुपारी दुकानात येऊन बसतात. आम्ही दोनशेच्या वर फर्मे खाली काढलेत. एका लांब बाहीत मार्च सापडतो, तर त्याचा एप्रिल कोणाच्या तरी खिशात. नावाड्याला वाचता येत नाही, पण कडेला कडा जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. म्हणतो, “जाळं विणणाऱ्याला तुटलेलं दिसतंच, बाई.” आत्तापर्यंत आठ वर्षं जुळली आहेत. शेवटची तीन वर्षं सापडत नाहीत. आणि अधिकारी नेमकी तीच मागणार, कारण जुनं दाखवलं की म्हणतील, पक्षी पूर्वी येत असतील.

ताई


२० एप्रिल

खडू,

हे पत्र टपालाने वेळेत पोचायचं नाही, म्हणून नावाडी स्वतः घेऊन येतोय. त्याला दारात उभं करू नकोस. त्याचे गुडघे दुखतात.

शेवटची तीन वर्षं सापडली.

शेवटच्या खिळ्यावर एक फर्मा मी मुद्दाम काढला नव्हता. त्यावर माझ्याच हाताने लिहिलंय, ‘खडू’. कंपनीत पहिल्या दिवशी घालायला तुला निळ्या रेघांचा शर्ट शिवला होता, त्याचा. तू गेल्यावर मी तो फर्मा टाकला नाही आणि त्याला हातही लावला नाही. काल ग्रंथपाल बाईंनी विचारलं, “हा का राहिला?” मग मी तो काढला.

पाठीचा भाग मोठा असतो, त्यामुळे पानं जवळजवळ अख्खी आहेत. तिन्ही वर्षांचे एप्रिल त्यात आहेत. अधिकाऱ्याला हवं ते सगळं. आणि प्रत्येक मोजणीच्या शेऱ्यात एक जादा ओळ आहे. एक जशीच्या तशी उतरवते:

‘पातळी २.१०. शेरा: सुरयांची घरटी ३८. माझी नजर आता पोचत नाही. मोजणी खडूने केली, मी लिहून घेतली.’

तीन वर्षं तूच मोजलीस. बाबांनी मला कधी सांगितलं नाही की त्यांना दिसत नव्हतं. तूही नाही. तुम्ही दोघं पहाटे जायचात आणि मला वाटायचं फिरायला जाता.

आता अडचण कुठे आहे, ते तुझ्या लक्षात आलं असेल. हा फर्मा पुढे केला तर पुढचा प्रश्न एकच आहे. ज्याने तीन वर्षं अडतीस-चाळीस घरटी मोजली, त्यानेच ‘आढळली नाहीत’ कसं लिहिलं? तू चुकलास असं मग कोणी म्हणणार नाही. तुला माहीत होतं असं म्हणतील. साहेब हात वर करून मोकळे होतील. नोकरी जाईल, कदाचित नोकरीवर भागणारही नाही.

काल ते दोघं गेल्यावर मी कात्री हातात घेऊन बसले होते. त्या ओळी पानांच्या एकाच कडेला आहेत. दोन बोटं कागद गेला असता. आकडे राहिले असते, तारखा राहिल्या असत्या, तुझं नाव तेवढं गेलं असतं. इतर सगळ्या फर्म्यांच्या कडा कापलेल्याच आहेत, आणखी एक कोणाच्या लक्षात आली असती?

मग कात्री खाली ठेवली. एकदा न बघता कापलं, आता बघून कापणार नाही. शिवाय हा तेवढा एकच फर्मा आहे ज्यात तू आणि बाबा एकत्र आहात.

तो फर्मा मी बावीसला देणार आहे. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. यायचं तर ये, नाही आलास तर मी तुला शब्दाने विचारणार नाही. मी तुला धमकावत नाहीये. मला भीती वाटतेय, तुझ्यासाठी आणि त्या सदतिसांसाठी, आणि दोघांना एकदम वाचवायची युक्ती मला सुचत नाही.

ताई


२३ एप्रिल

खडू,

तू जिना इतक्या घाईने उतरलास की मला गाठता आलं नाही. म्हणून पुन्हा कागद.

तू साहेबांच्या शेजारी येऊन बसलास तेव्हा मी मनातल्या मनात सगळं संपवलं होतं. नावाड्याकडे पाहिलं तर तो छताकडे बघत होता. त्याने तुला पत्र दिलं तेव्हा तू म्हणे नुसतं “बसा” म्हणालास, पाणी दिलंस आणि आत निघून गेलास. साहेबांनी दोनदा तुझ्या कानाशी वाकून काही सांगितलं. तू दोन्ही वेळा मान हलवलीस. हो म्हणून की नाही म्हणून, ते मागून कळेना.

कारकुनाने माझं बोचकं उघडलं आणि एक फर्मा दोन बोटांत धरून उंच केला. “ही काय बाही आहे का?” मी म्हटलं, बाहीच आहे, पण वाचा. लोक हसले. अधिकारी हसला नाही. त्याने चष्मा चढवला आणि एकामागून एक वाचत गेला, कॉलर, कफ, खिसा. बाबांचा शेरा पहिल्यांदाच कोणीतरी सरकारी आवाजात वाचत होतं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मग तुझा फर्मा आला. तो त्याने टेबलावर पसरून सावकाश वाचला आणि वर बघून विचारलं, “हा खडू कोण?”

साहेब तुझ्याकडे वळले आणि हसले, म्हणजे त्यांना ते नाव माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं नाही. उत्तर देणं तुझ्यावर सोडलं होतं. मला वाटलं, आता हा प्रश्न असाच पुढे जाईल.

तू उठलास. म्हणालास, “मी.”

मग म्हणालास, “पाहणी मी नोव्हेंबरात केली. नोव्हेंबरात तिथे सुरय नसतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तारीख लिहू नकोस असं मला कोणी सांगितलं नव्हतं, ती मीच लिहिली नाही.” साहेबांनी तुझी बाही ओढली. तू हात सोडवून घेतलास आणि उभाच राहिलास. मी ती बाही बघत होते. निळ्या रेघा. सात वर्षं जपून ठेवलेला शर्ट, मीच शिवलेला, मनगटाशी विरलेला.

तू निकाल ऐकायला थांबला नाहीस, म्हणून सांगते. पिल्लं उडेपर्यंत बेटावर कोणी पाय ठेवायचा नाही. नवी पाहणी घरट्यांच्या हंगामात, हरकत घेणाऱ्यांच्या समोर, तारखेसकट. त्यानंतर काय होईल ते कोणालाच माहीत नाही. कंपनी वर दाद मागेल म्हणतात. पण आज सकाळी यंत्र ट्रकवर चढवून नेलं. दुकानाच्या दारातून आता थेट नदी दिसते.

तुझ्या नोकरीचं काय झालं ते मी विचारत नाही. साहेब तुला सोडून एकटेच गाडीत बसले हे नावाड्याने पाहिलं, आणि तू स्टॉपवर उभा होतास तेही. त्याने हाक मारली म्हणे, तू वळला नाहीस. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. इथे दुकानात मशीन दोन आहेत आणि दुसरं रिकामंच असतं, पण तुला सरळ शिलाई कधी जमली नाही, तेव्हा ते राहू दे.

रविवारी सकाळी सहाला होडी मोजणीला निघते. नावाड्याचे डोळे आता पाण्याने भरून येतात, वाऱ्यामुळे म्हणतो. मागच्या खेपेला त्याने पस्तीस मोजली, ग्रंथपाल बाईंनी एकोणचाळीस, आणि दोघं भांडले. मोजणारा हवाय. लिहून मी घेईन, रजिस्टर नवीन आणलंय आणि त्याला शेऱ्याचा रकाना मोठा आखलाय.

पण त्याआधी दुकानात ये. तुझा फर्मा आता सरकारी फायलीत आहे, त्यावर शिक्का मारून पान नंबर टाकलाय, तो परत मिळायचा नाही. म्हणजे माझ्याकडे तुझं माप नाही. तसंही ते जुनं माप निकामीच होतं. तिसऱ्या बटणापाशी शर्ट किती ताणला होता ते मी मागच्या रांगेतूनसुद्धा पाहिलं.

माप द्यायला ये. फर्म्यासाठी कागद आणून ठेवलाय. दोन्ही बाजू बघून घेतल्यात.

ताई